पॅलेस थिएटरची काळी भिंत

आमच्या डोंगरकड्यात नाटक म्हणजे मांडव, जनरेटरचा धूर आणि घरून नेलेली सतरंजी. म्हणून लग्नाला कोल्हापूरला गेलो, तेव्हा आधी केशवराव भोसले नाट्यगृह गाठलं. शाहू महाराजांनी ते १९१५ साली उभारलं. तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. लगतच खासबागेचं कुस्त्यांचं मैदान. गाणं आणि लाल माती शेजारी नांदवावी ती महाराजांनीच!

नाट्यगृहाला ज्यांचं नाव, ते गायक-नट केशवराव कोल्हापूरचेच. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांसोबत ‘संयुक्त मानापमान’ केलं आणि त्याच वर्षी, अवघ्या एकतिशीत गेले. ८ ऑगस्ट २०२४ ला, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, नाट्यगृह जळालं.

फाटकातून काळवंडलेली दगडी भिंत दिसली. वॉचमन म्हणाला, “आत सोडत न्हाई, पावणं.” मी सतरंजीवाला प्रेक्षक, बाहेरच उभा राहिलो.