हवेवर जगणारी दाढी

जानेवारीतल्या धुक्याच्या पहाटे, लखनौत, माझ्या गच्चीतल्या तारेवरची करडी दाढी हिरवी होते. एरवी ती वाळलेल्या काथ्यासारखी दिसते. हिला मुळं नाहीत. बी रुजतं तेव्हा असतात, पुढे तीही गळून पडतात. नाव टिलँडसिया उस्निऑइडिस, कुल अननसाचं.

भिंगाखाली पान धरलं की गुपित कळतं. त्यावर माशासारखे चंदेरी खवले दाटीनं बसलेले असतात. कोरडे असताना ते प्रकाश परतवतात, म्हणून रंग करडा. पाण्याचा एक थेंब सोडला की ते भिजून पारदर्शक होतात, पाणी आत ओढतात आणि खालचं हिरवं पान दिसू लागतं. असं काही मी दुसऱ्या कुठल्या झाडावर पाहिलेलं नाही.

श्वासाची वेळही हिची वेगळी. पर्णरंध्रं उघडतात ती रात्री. तेव्हा घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवायचा आणि दिवसा दारं लावून उन्हात त्याची साखर करायची. अननसही हेच करतो. म्हणून मे महिन्यात लू सुरू झाली की मी दुपारी नाही, दिवेलागणीला पाणी फवारते.

या कुलातल्या साडेतीन हजारांच्या आसपास जाती रानात सापडतात त्या अमेरिका खंडांत. अपवाद एकच, पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीच्या खडकांवरची पिटकेर्निया फेलिसियाना. आपल्याकडे अननस आणला पोर्तुगिजांनी. जहांगीरच्या आठवणींत आग्ऱ्याच्या बागेतल्या अननसांची नोंद आहे. पण रानात, फांद्यांवरची अननसाच्या घराण्याची जागा आपल्याकडे ऑर्किडांनी घेतली. त्यांतली सीतेची वेणी आठवून पाहा. तिला बांडगूळ म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. बांडगूळ फांदीत शिरून रस ओढतं, ही फक्त टेकते. वनस्पतिशास्त्रात अशांना अपिवनस्पती म्हणतात.

लिनिअसनं टिलँडसिया हे नाव एलियास टिलँड्झ या वनस्पतिशास्त्रज्ञावरून ठेवलं. समुद्रप्रवासाचा धसका घेऊन टिलँड्झ परतताना वाटेतल्या आखाताला वळसा घालत जमिनीवरून गेला, अशी कथा आहे. या झाडांनाही पाण्याचं वावडं असावं, असं लिनिअसला वाटलं. प्रत्यक्षात ती हवेतल्या ओलाव्यावरच जगतात. 'उस्निऑइडिस' म्हणजे उस्नियासारखी. उस्निया हे शैवाक, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचं नातलग. आणि इथे लखनौशी धागा जुळतो. लखनौ विद्यापीठातल्या डॉ. डी. डी. अवस्थींनी भारतीय शैवाकांच्या अभ्यासाचा पाया घातला. त्यांचा संग्रह आज सिकंदरबागेतल्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत आहे. १९५३ साली ही बाग सीएसआयआरकडे आली, १९७८ साली संस्थेला आजचं नाव मिळालं. शैवाकांमध्ये साठलेल्या धातूंवरून शहराच्या हवेचा माग काढण्याचं काम तिथे झालं आहे. अमेरिकेत हेच काम या दाढीकडून करून घेतात. कारण दोघांचंही एकच: हवेतून जे येईल ते अंगावर घ्यायचं, गाळायला मातीच नाही.

गेल्या दिवाळीनंतर दुसऱ्या दिवशी मी दाढी उतरवली आणि पांढऱ्या तसराळ्यात बुडवली. तीन वेळा पाणी बदललं. तिसऱ्या वेळीही ते राखेच्या रंगाचंच होतं.