‘फास्ट’ म्हणजे रोजा की जलद?

‘पार्ट्स ऑफ स्पीच’ची आठही नावे मुले घडाघडा म्हणतात, पण वाक्य लिहायला बसली की अडतात. मग घरातून एकच उत्तर मिळते, ‘आम्हाला इंग्रजी येत नाही, ट्यूशनला विचार.’ खरे तर यातले निम्मे काम घरीच होऊ शकते.

मराठी व्याकरणातही शब्दांच्या जाती आठच आहेत. नाम म्हणजे नाऊन, सर्वनाम म्हणजे प्रोनाऊन, विशेषण म्हणजे अ‍ॅडजेक्टिव्ह, क्रियापद म्हणजे व्हर्ब. अरबी व्याकरण तर इस्म, फेल आणि हर्फ या तीनच जाती मानते. रोजच्या ‘बिस्मिल्लाह’मध्ये ‘बि’ हा हर्फ, ‘इस्म’ म्हणजे नाव हे सामान्यनाम आणि ‘अल्लाह’ हे विशेषनाम आहे. इंग्रजीत ‘इन द नेम ऑफ अल्लाह’ म्हणताना ‘इन’ हे प्रीपोझिशनही त्या ‘बि’सारखेच आधी येते. मराठीत मात्र ‘नावाने’ म्हणताना प्रत्यय मागून लागतो. मुलांचा गोंधळ होतो तो इथे.

नामाचे प्रकार घरातल्या वस्तूंवरून शिकवा. ‘सिटी’ हे सामान्यनाम, ‘मिरज’ हे विशेषनाम. विशेषनामाचे पहिले अक्षर इंग्रजीत मोठे काढतात. मराठीत आणि उर्दूत मोठी अक्षरे नसल्यामुळे मुले ते विसरतात. ‘टीम’ हे समूहवाचक, ‘गोल्ड’ पदार्थवाचक, तर ‘ऑनेस्टी’ भाववाचक नाम.

पुढची अडचण मोजण्याची. मराठीत आपण ‘दोन सल्ले’ म्हणतो, पण इंग्रजीत ‘अ‍ॅडव्हाइस’ला शेवटी ‘एस’ लागत नाही. ‘फर्निचर’ आणि ‘इन्फर्मेशन’ यांचेही तसेच.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इंग्रजी शब्दाची जात वाक्यातल्या त्याच्या कामावरून ठरते. ‘फास्ट’ हा शब्द घ्या. ‘आय फास्ट इन रमजान’ यात तो क्रियापद आहे, कारण मी रोजा ठेवतो. ‘माय फर्स्ट फास्ट’ यात नाम आहे, माझा पहिला रोजा. ‘अ फास्ट ट्रेन’मध्ये विशेषण आणि ‘रन फास्ट’मध्ये क्रियाविशेषण. शब्द एकच, जाती चार! म्हणून सुटे शब्द पाठ करून घेण्यापेक्षा मुलाला विचारा, ‘हा शब्द या वाक्यात काय काम करतोय?’

हा प्रश्न विचारायला अम्मीला इंग्रजी येण्याची गरज नाही. रोज रात्री जेवणानंतर पुस्तकातली तीन वाक्ये घ्या. मूल समजावून सांगेल, तुम्ही ऐका. समजावता समजावता त्याचे त्यालाच उमगेल, आणि कदाचित तुम्हालाही.