दीड, अडीच, साडेतीन

मुंबईत सुईने नशा करणाऱ्यांमध्ये काम करणारा एक मित्र मागे म्हणाला होता, "हिपॅटायटिस बीची लस त्यांना नको असते असं नाही रे. पहिला डोस आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. तोवर माणसाचा फूटपाथ बदललेला असतो."

ते डोक्यातून जाईना. जानेवारीअखेर लसीकरणाला निघालेल्या एका सिस्टरांसोबत, असाच मुक्काम बदलत राहणाऱ्या, प्रवरेच्या पट्ट्यातल्या ऊसतोड्यांच्या तळावर गेलो. 1950 साली सहकारी साखर कारखाना याच भागात, प्रवरानगरला उभा राहिला. कारखाने वाढले, कोपी मात्र अजून बांबूची आणि पाचटाची. हवेत मळीचा आंबूस वास, तो नंतर शर्टालाही येत राहिला.

दुपारी बारा. तळावर म्हाताऱ्या, कुत्री आणि पोरं. कोयते पहाटे चारलाच फडात गेलेले. अशा वेळी नोंदवहीत 'लाभार्थी गैरहजर' असा शेरा पडतो. गैरहजर नक्की कोण, असं मला विचारावंसं वाटलं.

आठेक वर्षांची एक पोर कडेवर भाऊ घेऊन उभी होती. सिस्टर बोटं मोडत पुटपुटल्या, "दीड, अडीच, साडेतीन." पेंटाव्हॅलंटचे तीन डोस, महिन्यांत मोजलेले, हिपॅटायटिस बीची लस त्यातच असते. पोरीने पत्र्याच्या पेटीतून कार्ड काढलं. पाथर्डीकडचं. दीडचा रकाना भरलेला, अडीचचा कोरा. बाळ साडेचार महिन्यांचं.

आईशिवाय टोचायचं नाही, म्हणून सिस्टर थांबल्या. आइसपॅकचा डबा सावलीत सरकवत राहिल्या. मी दोनदा घड्याळ पाहिलं, त्यांनी एकदाही नाही.

साडेपाचला आई वाढ्याचा भारा टाकून आली. "पहिला डोस वाया गेला का हो, बाई?"

"नाही गं. राहिलं तिथून पुढं."

डाव्या मांडीत सुई, एक किंकाळी, मग तोंडात थेंब. रात्री ताप आला तर काय करायचं, ते सांगून झालं. तेव्हा ती म्हणाली, "ताप चढला तर उद्या खाडा पडंल. मुकादम पैसे कापतो." सिस्टर काही बोलल्या नाहीत.

"महिन्याने साडेतीनचा," त्या कार्डावर तारीख घालत म्हणाल्या.

"तवर पट्टा पडंल की, कारखाना बंद. आम्ही गावाकडं."

सिस्टरांनी तारखेखाली स्वतःचा मोबाइल नंबर लिहिला. आईने कार्ड पोरीकडे दिलं, आणि पोरीने ते पुन्हा पेटीत, अगदी तळाशी ठेवलं.