मेळ बसणे आणि मेळ बसवणे

शाळेतून परतलेल्या मुलांना घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, "आज काय शिकवलं?" उत्तरही बहुधा ठरलेले असते, "काही नाही, रोजचंच." कोल्हापुरातील गुळाच्या एका अडत्याची आठवीत शिकणारी कन्या मात्र ऐन हंगामातल्या एका आठवड्यात या प्रश्नाचे उत्तर शोधत होती. वर्गशिक्षिकांनी सर्व विद्यार्थ्यांना सांगितले होते, की शनिवारी प्रत्येकाने आपल्या आठवड्याचे मनन एका पानात लिहून द्यावे. अट एकच होती. काय शिकवले याची यादी नको, आपल्याला काय उमगले ते लिहावे.

सोमवारी गणिताच्या तासाला वर्गमुळांचा अभ्यास चालला होता. ऋण संख्येचे वर्गमूळ किती, असे एका मुलाने विचारले. सरांनी फळ्यावर 'गणितसारसंग्रह' हे नाव लिहिले. इसवी सन ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्य या जैन गणितज्ञांनी हा ग्रंथ रचला. ऋण संख्या ही कोणत्याही संख्येचा वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, असे त्यांनी त्यात स्पष्ट नोंदवले. पुढे कित्येक शतकांनंतर युरोपातील गणितज्ञांनी त्यासाठी निराळ्या संख्यांची कल्पना केली. सर म्हणाले, "उत्तर नाही, हेसुद्धा एक उत्तर असतं. महावीराचार्यांनी ओढूनताणून आकडा दिला नाही." तिने हे वाक्य वहीच्या समासात टिपून ठेवले.

मंगळवारी मराठीच्या तासाला समानार्थी शब्दांतील अर्थच्छटा होत्या. चूक, गफलत, लपवाछपवी आणि लबाडी हे चार शब्द बाईंनी दिले आणि दोषाच्या चढत्या क्रमाने लावायला सांगितले. क्रमाबद्दल मतभेद झाला नाही. चूक नेमकी कोणत्या क्षणी लबाडी होते, यावर मात्र अर्धा तास वाद रंगला आणि घंटा झाली तरी मिटला नाही.

बुधवारी इतिहासाच्या तासाला कर्मवीर भाऊराव पाटील होते. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेल्या भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात निरनिराळ्या जातीधर्मांच्या मुलांना एका छपराखाली आणणारे वसतिगृह सुरू केले. त्या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा मोडले. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या या मुलीच्या मनात वेगळाच प्रश्न आला. ते दागिने कोणत्या वहीत जमा झाले असतील? तो प्रश्न तिने वर्गात विचारला नाही. घरी आल्यावर आजीला मात्र विचारला. आजी म्हणाल्या, "काही जमाखर्च वहीत मावत नाहीत ग."

गुरुवारी विज्ञानाचा प्रयोग होता. चौघींच्या गटाने चंचुपात्रात पाणी तापवायचे आणि दर मिनिटाला तापमापीवरचे तापमान तक्त्यात लिहायचे. पाणी खळखळून उकळू लागले तेव्हा पारा ९८ अंशांवर पोचला होता आणि तेथेच थांबला. ज्योत मोठी केली तरी तो हलेना. पुस्तकात तर पाण्याचा उत्कलनबिंदू १०० अंश सेल्सिअस असा छापलेला. एकजण म्हणाली, "तापमापी बिघडली असेल." दुसरी म्हणाली, "बाई गुण कापतील." अक्षर चांगले म्हणून तक्ता लिहिण्याचे काम या मुलीकडे होते. तिने ९८ खोडरबराने पुसले आणि तेथे सुबक अक्षरांत १०० लिहिले. गटाला दहापैकी दहा गुण मिळाले आणि तक्ता वर्गाच्या भिंतीवर लागला. त्या रात्री तिला झोप लागायला उशीर झाला.

शुक्रवारी भूगोलाच्या तासाला समोच्च रेषांचा नकाशा होता. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे आणि उंची वाढत जाते तसा हवेचा दाब कमी होत जातो, असे सरांनी सांगितले. तिच्या मनात काहीतरी चमकले, पण ते नेमके काय, हे तिला अजून उमगत नव्हते.

त्या संध्याकाळी सूर्यास्तापूर्वीच घरातील जेवणे उरकली. आजी प्रतिक्रमणाला बसल्या आणि वडील घराच्या खालच्या मजल्यावरील पेढीत गेले. पेढीचा हिशेब आता संगणकावर असला, तरी रोजची रोकड ते अजून कीर्दीत हाताने लिहितात आणि रोकड जुळल्याशिवाय पेढी बंद होत नाही. त्या दिवशी ती जुळत नव्हती. गल्ल्यात वहीपेक्षा २७० रुपये जास्त निघत होते.

दिवाणजी थकले होते. ते म्हणाले, "शेठ, कमी तर नाहीत, जास्तच आहेत. किरकोळ जमा दाखवू, म्हणजे मेळ बसेल."

वडिलांनी मान हलवली. "मेळ बसायला हवा, दिवाणजी. आपण बसवायचा नाही. हे पैसे आपले नाहीत. कुणाचे तरी आपल्याकडे राहिले आहेत."

मग त्यांनी मुलीला जवळ बोलावले आणि २७० ला ९ ने भागायला सांगितले. निःशेष भाग गेला. फरकाला नऊने भाग जात असेल, तर बहुधा कुठेतरी शेजारचे दोन आकडे उलटसुलट झालेले असतात, ही त्यांना त्यांच्या वडिलांनी दिलेली खूण. तिने लगेच कागदावर बीजगणित मांडून पाहिले. दहा अ अधिक ब यातून दहा ब अधिक अ वजा केले, तर उरते नऊ गुणिले अ वजा ब. चौथीत शिकलेली स्थानिक किंमत, आठवीतले बीजगणित आणि पणजोबांच्या काळची खूण एकाच कागदावर आली.

आता शोध सोपा झाला. दिवसभराच्या चिठ्ठ्यांमध्ये हमालांच्या एका टोळीच्या मजुरीची चिठ्ठी होती, १,७४० रुपयांची. वहीतही १,७४० लिहिलेले. वडिलांनी टोळीच्या मुकादमाला फोन लावला. मुकादम संकोचून म्हणाले, "शेठ, चौदाशे सत्तरच मिळाले. आम्हांला वाटलं, तुम्ही काही कापून घेतलं असेल." गुळाचे रवे दिवसभर पाठीवर वाहणाऱ्या माणसांची मजुरी एका नजरचुकीने गल्ल्यात राहिली होती. किरकोळ जमा दाखवून मेळ बसवला असता, तर ती कायमची तेथेच राहिली असती. वडिलांनी दिलगिरी व्यक्त केली आणि २७० रुपये लखोट्यात घालून ठेवले. सकाळी ते स्वतः नेऊन देणार होते.

मुलगी वर गेली. आजींचे प्रतिक्रमण आटोपले होते. तिने विचारले, "आजी, चूक मनातल्या मनात मान्य केली तर चालत नाही का?"

आजी म्हणाल्या, "मनातल्या मनात मान्य करणं सोपं असतं बाळ. म्हणून तर गुरूंपुढे आलोचना सांगितली आहे."

शनिवारी सकाळी तिने मननाचे पान लिहिले. मंगळवारच्या वादाचे उत्तर तिच्यापुरते तिला सापडले होते. ९८ हा आकडा चुकीचा वाटणे ही चूक होती. तो पुसून १०० लिहिला, त्या क्षणी ती लबाडी झाली. हे तिने स्पष्ट लिहिले आणि खोडरबर आपल्याच हातात होता, हेही लिहिले. पान देण्यापूर्वी तिने तिघी मैत्रिणींना ते दाखवले. एक गप्प राहिली. दुसरी म्हणाली, "बरं केलंस." तिसरी रागावून डबा घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

वर्गशिक्षिकाच विज्ञान शिकवत. त्यांनी पान दोनदा वाचले. त्या रागावल्या नाहीत, शाबासकीही दिली नाही. पानाखाली त्यांनी एवढेच लिहिले, "सोमवारी प्रयोग पुन्हा करू."

सोमवारी दोन निरनिराळ्या तापमापी घेऊन पाणी उकळले. दोन्हींचा पारा ९८ च्या आसपासच थांबला. मग बाईंनी उलगडा केला. पाण्याचा उत्कलनबिंदू १०० अंश असतो तो समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाला. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळते. साधारण दर तीनशे मीटरांना एक अंश असा हा उतार आहे. मुंबईत पाणी शंभरच्या आसपास उकळेल, कोल्हापुरात अठ्ठ्याण्णवच्या आसपास आणि साडेतेराशे मीटर उंचीच्या महाबळेश्वरात साडेपंच्याण्णवच्या आसपास. तेथे उघड्या भांड्यात डाळ शिजायला वेळ लागतो तो यामुळेच. पुस्तक चुकलेले नव्हते आणि तापमापीही बिघडलेली नव्हती. चौघींनी पुसून टाकलेला आकडा हेच त्यांच्या गावाचे खरे उत्तर होते. शुक्रवारी भूगोलाच्या तासाला मनात जे चमकून गेले होते, ते आता तिला उमगले.

त्या दिवशी संध्याकाळी तिने वडिलांना विचारले, की वहीतला चुकलेला आकडा दुरुस्त कसा करतात. वडिलांनी दाखवले. खोडरबर नाही, गिरवणे नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच सरळ रेघ ओढायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची.

वर्गाच्या भिंतीवर तो तक्ता अजून आहे. त्यात १०० या आकड्यावर एक सरळ रेघ आहे आणि वर ९८ लिहिलेले आहे. शेजारी चार सह्या आहेत. चौथी सही बाकीच्या तिघींच्या नंतर, गुरुवारी झाली.