पेरणीचा महिना आणि कॉलेजचा प्रवेश

मृगाचा पाऊस पडून वाफसा आला, की शेतकऱ्याच्या हातातील रोकड बी-बियाणे व खते यांकडे वळते. नेमक्या त्याच सुमारास बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींच्या कॉलेज-प्रवेशाचा खर्च दाराशी येऊन उभा राहतो. नोकरदाराचा पगार दरमहा येतो. कोरडवाहू शेतकऱ्याचे सोयाबीन वा कापूस मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारासच बाजारात जातो. सारखेच गुण मिळविलेल्या दोघांपैकी एक पुण्यास जातो व दुसरा घरीच थांबतो, याचे कारण पुष्कळदा बुद्धीत नसून या हंगामाच्या हिशेबात असते.

फी हाच उच्च शिक्षणाच्या वाटेवरील मुख्य अडसर होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. फी माफ झाली तरी परगावी राहणे, जेवण व पुस्तके यांचा खर्च उरतोच. शिवाय शेतावरील दोन हात कमी होऊन त्या जागी मजूर लावावा लागतो. हा खर्च कोणत्याही अर्जात लिहावा लागत नाही, म्हणून तो कोणाच्या ध्यानीही येत नाही.

ही गोष्ट कर्मवीर भाऊराव पाटील यांनी फार पूर्वी ओळखली होती. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली होती. भाऊरावांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली व 1924 साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीस बसत आणि श्रम करून शिकत. या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरील दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. शाळेआधी जेवणाची सोय, हा त्या घराचा क्रम होता! पुढे 1947 साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले व ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत उच्च शिक्षणातही आली.

आज शासनाच्या योजनांत राहण्या-जेवणाचा विचार झालेला आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांस जाणाऱ्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेत पात्र विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्कात सवलत मिळते. परंतु रक्कम बहुधा उशिरा पोहोचते आणि वसतिगृहाची अनामत आधी भरावी लागते. ज्या घरातून यापूर्वी कोणी कॉलेजात गेलेले नाही, तेथे अशा योजनेचे नावही अनेकदा मुदत संपल्यावर कळते. सुशिक्षित घरातील मुलास हे सारे जेवताना बोलता-बोलता समजते. दोन्ही घरांतील खरा फरक येथे आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यास या बाबतीत पुष्कळ करता येण्यासारखे आहे. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज एप्रिलमध्येच करवावा. निकालानंतर सेवा केंद्रावर गर्दी उसळते. अल्पभूधारक असल्याचा दाखलाही त्याच वेळी मागावा. राखीव जागेवर प्रवेश घ्यावयाचा असल्यास जात पडताळणीस वेळ लागतो, म्हणून तो अर्ज बारावीच्या वर्षातच द्यावा. भत्ता थेट खात्यात जमा होत असल्याने विद्यार्थ्याचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे किंवा नाही, हे पेरणीची घाई सुरू होण्यापूर्वी पाहून घ्यावे.