विजेरीची पारख

आमच्या विद्यालयात अंबड, बदनापूर, घनसावंगी या बाजूंच्या खेड्यांतून येणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांपैकी एकाने गेल्या हिवाळ्यात मला विचारले, "सर, वडिलांसाठी बॅटरी घ्यावयाची आहे; कोणती घ्यावी?" त्याने दुकानात पाहिलेल्या एका विजेरीच्या वेष्टनावर १०,००० ल्यूमेन असे छापले होते, दुसरीवर अवघे २५०, आणि किंमत मात्र दुसरीचीच अधिक! मुलगा बुचकळ्यात पडला यात नवल नाही.

प्रश्न लहान दिसतो, परंतु तसा नाही. जेथे शेतपंपास वीज अद्यापि रात्रीच्या पाळीत मिळते, तेथे मोसंबीच्या बागेस पाणी देण्याकरिता घरच्या कर्त्या माणसास मध्यरात्री बांधावरून जावे लागते. मण्यार रात्रीच हिंडते, आणि फुरसे तर मातीच्याच रंगाचे असते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लक्ष माणसे दगावली असावीत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केलेला आहे. त्यांत एक चतुर्थांशाहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती. तेव्हा पाऊल टाकण्यापूर्वी जमीन दिसणे ही चैनीची बाब नव्हे.

जुन्या विजेरीत एक बारीक तार तापून लाल-पिवळी होई आणि तिच्यापासून प्रकाश मिळे. म्हणजे विजेचा बहुतेक भाग उष्णतेतच वाया जाई. एलईडीमध्ये तार नसून अर्धवाहकाचा एक इवलासा स्फटिक असतो. तांबडा प्रकाश देणारा असा स्फटिक निक होलोन्याक यांनी १९६२ साली करून दाखविला. निळा मात्र पुढे तीस वर्षे शास्त्रज्ञांस हुलकावणी देत राहिला. तो साधल्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांस २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या विजेरीतील पांढरा प्रकाश म्हणजे हाच निळा प्रकाश, पिवळ्या लेपाने काही अंशी पालटलेला.

आता त्या १०,००० ल्यूमेनकडे वळू. दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकंदर प्रकाशाचे माप म्हणजे ल्यूमेन. चांगला एलईडी एका वॅटमागे सुमारे १०० ल्यूमेन देतो. अठरा मिलिमीटर जाडीचा व पासष्ट मिलिमीटर लांबीचा जो लिथियम सेल अशा विजेरीत घालतात, त्यात २६०० मिलिअँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे सुमारे ९.६ वॅट-तास इतकी शक्ती साठते. १०,००० ल्यूमेनसाठी शंभर वॅट लागतील, म्हणजे हा सेल सहा मिनिटेही पुरणार नाही. आणि तेवढ्यातच विजेरी हातात धरवणार नाही इतकी तापेल. तीच शक्ती २०० ल्यूमेनवर साडेचार तासांहून अधिक, व ५० ल्यूमेनवर सुमारे एकोणीस तास पुरते. नववीच्या मुलांनी हे गणित स्वतः करून पाहावे. सेलवरच ९९०० असा आकडा छापलेला दिसला, तर तो सेल खुशाल परत करावा. या आकाराच्या चांगल्या सेलची धारणा साधारणतः २००० ते ३५०० असते.

ल्यूमेनपेक्षा कॅन्डेला हा आकडा निराळा. प्रकाश एका दिशेस किती एकवटला आहे हे त्यावरून कळते. त्याचे वर्गमूळ काढून दुप्पट करावे, म्हणजे पल्ला मीटरमध्ये मिळतो: २५०० कॅन्डेलाचा १०० मीटर, १०,००० चा २०० मीटर. परंतु या पल्ल्याच्या टोकास प्रकाश पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच उरतो, हे वेष्टनावर कोणी लिहीत नाही. शिवाय बांधावरून चालणाऱ्यास दोनशे मीटरांवरील झाड पाहावयाचे नसून पुढील चार पावले पाहावयाची असतात. त्यास झोत रुंद हवा.

किल्ल्यांच्या जुडग्यास अडकविण्याजोगी, एका बारीक पेन्सिल सेलवरची विजेरी कुलूप उघडण्यास किंवा फ्यूज पाहण्यास उत्तम. शेतात ती नेऊ नये. भिंतीतल्या सॉकेटात खोचून भरावयाची प्लास्टिकची विजेरी स्वस्त पडते, पण तिच्यात बहुधा शिसे-आम्लाचा घट असतो, आणि तो रिता ठेवला की कायमचा निकामी होतो. आमच्या घरची अशी एक पावसाळा सरल्यावर फडताळात पडली, ती पुढल्या जूनमध्ये लुकलुकलीसुद्धा नाही. मोबाइलचा दिवा जवळचे दाखवितो खरा. परंतु रात्रभर तो जाळला आणि अडचणीच्या वेळी १०८ ला फोन करावयास मोबाइलच बंद पडला, तर काय करावे? बदलता येणारा लिथियम सेल असलेली धातूची विजेरी मला सर्वांत भरवशाची वाटते. दर जरा जास्त, हे खरे.

कपाळावर बांधावयाचा दिवाही मिळतो. त्याने दोन्ही हात मोकळे राहतात. दार मोडावयाचे असेल तेव्हा तो फार सोयीचा. मात्र त्याचा प्रकाश डोळ्यांच्याच रेषेतून पडत असल्यामुळे वस्तूंच्या सावल्या त्यांच्याच मागे लपतात, आणि खाचखळगे सपाट भासतात. विजेरी कमरेखाली धरून चालल्यास लहानशा ढेकळाचीही सावली लांब पडते व ते लगेच ध्यानात येते. प्रकाशाचा रंगही पाहावा. निळसर पांढऱ्या उजेडात तपकिरी व मातकट छटा एकमेकींत मिसळून जातात. किंचित पिवळसर उजेडात त्या वेगळ्या ओळखू येतात. फुरशाची गोष्ट वर आलीच आहे.

दुकानात विजेरी हाती घेतल्यावर ती पहिल्या दाबात मंद लागते की प्रखर, हे पाहावे. अंधारास सरावलेल्या डोळ्यांवर प्रखर झोत उमटला की ती सवय क्षणात मोडते, आणि पुरती परत येण्यास वीस-तीस मिनिटे लागतात. वेष्टनावर आयपीएक्स-४ असेल तर उडणाऱ्या पाण्याचे भय नाही. आयपीएक्स-७ असेल तर ती एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते. पाटात पडणारी वस्तू असल्यामुळे दुसरी बरी.

त्या विद्यार्थ्याने अखेर २५० ल्यूमेनचीच नेली. वडील ती बहुतेक मंद प्रकाशावर वापरतात. त्यांची एकच तक्रार होती: खिशात बटण दाबले जाऊन ती आपोआप लागते. मागील झाकण पाव फेरा सैल केले म्हणजे असे होत नाही, हे मी त्यास दाखवून दिले.