बर्फावरची फळी निवडताना

जानेवारीत निफाड तालुक्यात पारा पाच अंशांच्या आसपास उतरला की आमच्या ओझरच्या शिवारात द्राक्षबागा वाचवण्यासाठी पहाटे शेकोट्या पेटतात. थंडीशी आमची ओळख एवढीच. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात आमचा भाचा मोबाईल पुढे धरून म्हणाला, "मामू, ये बोर्ड देखो, लेना है", तेव्हा आम्हाला प्रथम ती घसरगुंडीची फळीच वाटली. ती होती स्नोबोर्ड. मित्रांबरोबर फेब्रुवारीत गुलमर्गला जाऊन तो शिकायचे त्याने ठरवले होते. दोन वर्षांच्या नोकरीतून साठवलेले सगळे पैसे तो त्या एका फळीवर घालायला निघाला होता.

आपाचा विरोध दोन कारणांसाठी होता. एक पैशाचे. "भाई, तुम पढ़े-लिखे हो, इसको समझाओ," असे तिने आम्हालाच सांगितले. दुसरे कारण ती बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर दिसत होते: मुलगा डोंगरावरून सुखरूप परत येईल ना?

खेळाला नाही म्हणणे आम्हाला पटत नव्हते. प्रेषितांनी (स.) हजरत आयेशा (र.अ.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याचे आपण मुलांना कौतुकाने सांगतो आणि तीच मुले मैदानावर निघाली की उंबरठ्यावर अडवतो, हे बरे नाही. शिवाय या बर्फाशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे. 1988 च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये काश्मीरचे गुल मुस्तफा देव स्कीइंगमध्ये उतरले होते. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, तो गुलमर्गच्या परिसरात वाढलेला आरिफ खान. त्याच्या वडिलांचे स्कीइंगच्या साहित्याचे दुकान होते. म्हणून आम्ही भाच्याला नाही म्हटले नाही. त्याच्याबरोबर बसून ही फळी म्हणजे नेमके काय, ते समजून घेतले.

स्नोबोर्ड हा तसा नवा खेळ आहे. 1965 साली अमेरिकेतील मिशिगनमध्ये शेरमन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून खेळणे बनवले, त्यातून तो वाढला. 1998 च्या नागानो ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. आज फळ्यांचे असंख्य प्रकार मिळतात. पण भाच्याच्या तोंडी दोनच शब्द होते, पावडर आणि फ्रीस्टाइल. या दोहोंच्या गरजा बऱ्याच अंशी परस्परविरोधी आहेत, हे त्याला ठाऊक नव्हते.

पावडर म्हणजे नुकताच पडलेला, पिठासारखा भुसभुशीत बर्फ. त्यात फळीचे टोक बुडाले की माणूस तोंडावर आपटतो. म्हणून पावडरच्या फळीचे पुढचे टोक लांब, रुंद आणि वर उचललेले असते. शेपूट त्या मानाने अरुंद असते. पाय अडकवायच्या पकडी, म्हणजे बाइंडिंग, मध्यापासून थोड्या मागे बसवतात. त्यामुळे वजन मागे राहते आणि टोक बर्फावर तरंगते.

फ्रीस्टाइल म्हणजे उड्या, गिरक्या आणि लोखंडी दांड्यांवरून घसरणे. इथे खेळाडू कधी उजवा पाय पुढे, कधी डावा पाय पुढे ठेवून उतरतो. म्हणून फळी दोन्ही टोकांना सारखी हवी, तिला 'ट्विन' म्हणतात. पकडी बरोबर मध्यावर. फळी थोडी लवचीक आणि काही सेंटिमीटर आखूड असली की गिरकी सोपी जाते.

आमच्या गावात एचएएलचा विमान कारखाना असल्याने हे समजावणे सोपे गेले. लढाऊ विमानाचा पंख वेगळा आणि मालवाहू विमानाचा वेगळा, हे ओझरच्या पोराला सांगावे लागत नाही. काम बदलले की आकार बदलतो.

मग दोन्ही हौशी असणाऱ्याने काय घ्यावे? मधला मार्ग आहे. 'डायरेक्शनल ट्विन' नावाची फळी दिसायला जवळजवळ दोन्हीकडे सारखी असते, पण तिचा कल थोडा पुढच्या दिशेला असतो. तिचा बाक पाहावा. पायांखाली कमानीसारखी उचललेली फळी, म्हणजे कॅम्बर, टणक बर्फावर कड घट्ट रोवते. टोकांकडे वर वळलेली फळी, म्हणजे रॉकर, मऊ बर्फात तरंगते. पायांखाली कॅम्बर आणि पुढच्या टोकाला रॉकर असा मिश्र बाक दोन्ही ठिकाणी चालून जातो. लवचीकता बहुतेक कंपन्या 1 ते 10 अशा अंकांत सांगतात. शिकणाऱ्याने 3 ते 5 च्या दरम्यान राहावे. फार ताठ फळी नवख्याची चूक माफ करत नाही.

लांबी पाहण्याची जुनी रीत अशी, की फळी उभी धरली तर हनुवटी ते नाक यांच्यामध्ये यावी. पण फळीला उंची कळत नाही, तिला वजन कळते. म्हणून कंपनीच्या तक्त्यात आपले वजन पाहावे. रुंदीकडे सर्वांचे दुर्लक्ष होते. बुटाची टोके फळीबाहेर फार आली तर वळताना ती बर्फात घासतात आणि माणूस पडतो. दहा नंबर किंवा त्याहून मोठे पाऊल असेल, तर 'वाइड' फळी मागावी. मुलींसाठीच्या फळ्या अरुंद आणि हलक्या असतात, कारण पाऊल लहान आणि वजन कमी असते. म्हणून मुलीच्या हाती भावाची फळी देऊ नये.

हे सगळे वहीत लिहून झाल्यावर आम्ही भाच्याला विचारले, "तुझा कोणता पाय पुढे येतो?" त्याला सांगता येईना. ज्याला अजून आपला पुढचा पाय माहीत नाही, त्याने फळी विकत घेण्याची घाई का करावी? फळी, बाइंडिंग आणि बूट यांचा नवा संच साध्या दुचाकीच्या किमतीत जातो. गुलमर्गमध्ये हे सारे भाड्याने मिळते. शिवाय बर्फाचाही भरवसा नाही. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे उतार कोरडे पडले होते. 2025 मध्ये पुरेसा बर्फ नसल्याने तिथली खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावी लागली. वर्षातून आठवडाभर वापरायची वस्तू घरात धूळ खात पडणे हा इसराफच.

शेवटी तो स्वतःचे हेल्मेट, चश्मा, हातमोजे आणि मनगटाचे पट्टे एवढेच घेऊन गेला. नवखा पडताना हात टेकतो, म्हणून मनगट आधी सांभाळावे. बूट भाड्याने घेताना बोटे पुढे जेमतेम टेकावीत आणि टाच उचलली जाऊ नये, हे आम्ही त्याला दोनदा बजावले. सफरमधील नमाज आणि मोज्यांवरील मसह यांचे नियमही तो आलिमांना विचारून गेला.

आपाच्या दुसऱ्या काळजीचे उत्तर मात्र कोणत्याही फळीत नव्हते. गुलमर्गचा गंडोला अफरवटवर सुमारे 3,950 मीटरपर्यंत नेतो. तिथून ठरलेली वाट सोडली की पावडर मिळते आणि हिमस्खलनही तिथेच गाठते. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथे पोलंडच्या दोघांचा आणि फेब्रुवारी 2024 मध्ये रशियाच्या एकाचा असाच मृत्यू झाला. तिकडे जाणारे जाणकार वाटाड्या, शोधयंत्र, लांब सळई आणि फावडे सोबत नेतात आणि ते वापरण्याचा सराव आधी करतात. आम्ही भाच्याकडून शब्द घेतला, की यंदा खालच्या उतारावर, शिक्षकासमोरच राहायचे. तवक्कुल करायचे, पण आधी उंट बांधून.

तो परतला तेव्हा मनगटे शाबूत होती, गुडघे काळेनिळे होते. पहिल्या दिवशी मिळालेली फळी अरुंद होती, बूट घासत होते. वहीतली रुंदीची ओळ आठवून त्याने ती बदलून घेतली. उजवा पाय पुढे येतो, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळले. उडी मारणे तर दूरच, पाच दिवसांत तो फक्त नीट वळायला आणि थांबायला शिकला.

पैसे अजून बँकेतच आहेत. पुढच्या वर्षी पुन्हा भाड्याचीच फळी घ्यायची, असे तो स्वतःहून म्हणाला. आपाने त्याच्या गुडघ्यांना हळद लावली आणि आम्हाला हळूच विचारले, "भाई, छोटी भी जाने का बोल रही है. उसका नाप कैसे लेते?"

वही आम्ही तिच्याकडेच देऊन आलो.